सायकल फुटपाथवर कशी चढली?

१

शुद्धीवर आल्यावर भोंगाला पहिली गोष्ट कळली ती ही, की तिने एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं.

आईनेच सांगितलं, चमच्याने पाणी पाजता पाजता. सकाळी शाळेत जाताना तिची सायकल म्हणे फुटपाथवर चढली. समोरून एक निवृत्त पोस्टमन येत होते, दाताच्या दवाखान्याकडे निघाले होते. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, आणि आता ते याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होते. वाचतील का, ते डॉक्टर स्पष्ट सांगत नव्हते.

"मी फुटपाथवर कशाला जाईन?" भोंगा म्हणाली.

एवढ्या अशक्तपणातही तिचा आवाज शेजारच्या दोन खाटांपर्यंत गेला. घरात तिला भोंगा म्हणायचे ते त्यामुळेच. आवाज लहानपणापासून जाड, घोगरा, भिंतीला धक्का देणारा. शाळेत ती भूगोल शिकवायची आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांचाही भूगोल त्यामुळे आपोआप चांगला होता.

"मग झालं कसं?" आईने विचारलं.

भोंगाने आठवायचा प्रयत्न केला. घराचं फाटक आठवलं. फाटकाची कडी लावली, तेही आठवलं. त्यानंतर एकदम हे पांढरं छत. मधला सगळा रस्ता कुणीतरी पुसून टाकला होता. डाव्या हाताची करंगळी मोडलेली, उजवा खांदा सोललेला, डोक्यात सतत कुणीतरी भांडी घासल्यासारखा आवाज. आणि या सगळ्याच्या वर ती भीती. आठवत नाही याचा अर्थ केलं नाही असा थोडाच होतो?

दुपारी वाहतूक पोलिसांचा अधिकारी आला. तरुण होता, शांत बोलायचा. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तुम्हाला त्रास द्यायचा नाही. पण रिपोर्ट लवकर द्यावा लागेल. वेग जास्त होता का?"

"मला काही आठवत नाही."

"फुटपाथवर का घेतलीत सायकल?"

"घेतली असेन असं वाटत नाही. पण..." तिचा धीर सुटला. "माझ्यामुळे झालं असेल तर..."

अधिकाऱ्याने मान हलवली, जणू तेवढंच ऐकायचं होतं.

"समोरच्या फुलवालीने जबानी दिलीय," तो उठत म्हणाला. "तुम्ही तिथेच रडत म्हणत होतात, 'चुकलं माझं, चुकलं माझं.' तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बाई, तुम्ही तर तिथल्या तिथे कबूल केलंत."

२

तिला घरी सोडलं त्या दिवशी मुख्याध्यापिकेचा फोन आला. पूर्ण बरी हो, घाई करू नकोस, असं ती तीन प्रकारे म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा भोंगाला खरा अर्थ कळला. पालक कुजबुजत होते. म्हाताऱ्याला उडवणारी बाई आमच्या मुलांना कशाला?

त्याच संध्याकाळी पोस्टमन आजोबांचे जावई घरी आले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि अर्ध्या गावाने गाडी त्यांच्याकडेच शिकली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण डोळे झोपेविना सुजलेले.

"ताई, मी भांडायला नाही आलो," ते आईला म्हणाले. "पोरगी तरुण आहे, चूक झाली. कोर्टकचेरीत तिचं आयुष्य नासू नये असं मला वाटतं."

भोंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबा कसे आहेत?"

"मधूनच काहीतरी बरळतात. डॉक्टर म्हणतात, बोलायचा ताण देऊ नका. मी कुणाला भेटू देत नाही." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "एवढी सही करा. सायकल फुटपाथवर गेली, धक्का लागला, बस. आमच्याकडून काही तक्रार राहणार नाही. प्रकरण इथेच मिटेल."

आईने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, किती चांगली माणसं आहेत. कर सही."

भोंगाने पेन उचललं. प्लास्टर डाव्या हाताच्या करंगळीला होतं, लिहायचा हात मोकळा होता. कागदावरची अक्षरं पोहल्यासारखी हलत होती. तिला एवढंच हवं होतं की हे थांबावं. सारखं सारखं मनात एक म्हातारा माणूस पडताना दिसत होता, आणि त्याला चेहराच नव्हता.

"पेन खाली ठेव."

दारात मावशी उभी होती. प्रवासाची बॅग अजून हातातच.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. विमा कंपनीत अपघातांची तपासणी करण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. लोकांचे दावे कसे मोडायचे हेच तिचं काम होतं, आणि ते ती इतकं चोख करायची की घरातल्या लग्नातसुद्धा नातेवाईक तिच्यापासून जरा लांबच बसायचे. पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची सवय. आताही गालात एक होती.

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "मी त्यांचा..."

"जावई. कळलं. तुमच्या सासऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं." मावशीने कागद उचलला, वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला. "डोक्याला मार लागलेल्या माणसाकडून असल्या कागदावर सही घ्यायची नसते मास्तर. तुम्ही तर लोकांना वाहतुकीचे नियम शिकवता."

कागदाची घडी घालायला मास्तरांना फार वेळ लागला.

ते गेल्यावर आई उसळली. "चांगल्या माणसाचा अपमान केलास!"

"ताई, तू नंतर ओरड. आधी सांग, सायकल कुठे आहे?"

"दुरुस्तीला दिली."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? मास्तरांनीच नेली. स्वतःहून. म्हणाले, चकाचक करून आणून देतो." आईचा आवाज बोलता बोलता बारीक होत गेला.

मावशीने गालातली गोळी कडकन चावली.

३

"आणि त्या दिवशीचे कपडे?"

"आत्ताच बादलीत घालणार होते. रक्त लागलंय ना जॅकेटला."

मावशी न्हाणीघराकडे अक्षरशः धावली. पिवळं जॅकेट बादलीच्या कडेवर लोंबत होतं, बाही तेवढी भिजली होती. तिने ते उचलून खिडकीत धरलं.

"अपघातानंतर माणसं काय करतात बघ," ती भोंगाला म्हणाली. "कपडे धुतात, सायकल दुरुस्त करतात, समोरच्याची माफी मागतात. संस्कार म्हणून. आणि मी कंपनीत बसून त्याच संस्कारांवर त्यांचे दावे फेटाळायचे. मोडकी सायकल मोडकीच ठेवायची. कपडे तसेच ठेवायचे. जागेचे फोटो काढायचे, बघणाऱ्यांची नावं घ्यायची, प्रत्येक ओरखडा डॉक्टरला दाखवून लिहून घ्यायचा. आणि चूक कुणाची, ते ठरायच्या आत आपल्या तोंडाने बोलायचं नाही."

"पण चूक माझीच असली तर?" भोंगाने विचारलं.

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "असली तर मीच तुला सही करायला लावीन. पण आधी बघू तर दे."

जॅकेटच्या पाठीवर मातीचा ओला डाग वाळून बसला होता. मोठा, सपाट, शिक्का मारल्यासारखा. उजव्या खांद्यावर मात्र माती नव्हती. तिथे कापड फाटलं होतं आणि चिरलेल्या धाग्यांत पांढरी भुकटी अडकली होती. मावशीने ती नखाने खरवडून पाहिली आणि काही न बोलता जॅकेट कागदी पिशवीत घातलं.

सायकलवाला सापडायला वेळ लागला नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या शेजारीच त्याचं दुकान होतं. मावशी आणि भोंगा पोहोचल्या तेव्हा सायकल उलटी टांगलेली होती आणि तिच्यावर नवंकोरं हँडल चढलेलं होतं.

"मास्तर म्हणाले, हँडलपासून सगळं बदल," दुकानदाराने सांगितलं. "मी म्हटलं, चाकं चांगली आहेत. ते म्हणाले, चाकंही बदल. ती उद्या करणार."

"जुनं हँडल?"

त्याने भंगाराच्या पिंपाकडे बोट दाखवलं.

भोंगा दाराशी उभी राहिली. तिला सायकलकडे बघवत नव्हतं. त्या चाकाने माणूस पडला असेल, तर चाकावर काहीतरी खूण असेल, आणि ती खूण तिला बघायची नव्हती. मावशीने तिला हाक मारली.

"इकडे ये. पुढचं चाक फिरव."

भोंगाने एका बोटाने फिरवलं. चाक गरगर फिरलं. एकसारखं, न डगमगता, एक तारही वाकलेली नाही.

"या चाकाने फुटपाथची कड चढली? आणि माणसाचं हाड मोडलं?" मावशीने पिंपातून काढलेलं हँडल पुढे केलं. डाव्या बाजूचा ब्रेक मागे दुमडला होता. मुठीच्या रबरात टोकाशी खोल चीर होती, आणि चिरेत गडद हिरवा रंग रुतला होता.

"तुझी करंगळी डाव्याच हाताची ना?"

भोंगाने मान हलवली.

"तू माणसाला धडकली नाहीस," मावशी म्हणाली. "तू एका हिरव्या लोखंडी वस्तूला धडकलीस. आता ती वस्तू गेली कुठे, ते शोधायचं."

४

फुलवालीचं दुकान दाताच्या दवाखान्याला लागूनच होतं. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ, कडेने सायकलींसाठी तशाच पांढऱ्या रेघेने आखलेला पट्टा, मग फुटपाथ, मग दुकानं. दवाखान्याच्या दारावर कॅमेरा होता, पण आत विचारल्यावर कळलं की ते नुसतं खोकं आहे, चोरांना भीती म्हणून लावलेलं.

फुलवाली भोंगाला पाहून गडबडली. "बाई, मी जे पाहिलं तेच सांगितलं हो."

"तेच विचारायला आलोय," मावशी गोड आवाजात म्हणाली. "सायकल फुटपाथवर चढताना पाहिलीत?"

"चढताना नाही. मी आत बादल्या भरत होते. नळ चालू होता. धाडकन आवाज आला. आधी वाटलं, दवाखान्याचं शटर. म्हटलं, बादली भरून बघू. मग नळ बंद केला तेव्हा ते रडणं ऐकू आलं. 'चुकलं माझं, चुकलं.' इतकं बारीक, केविलवाणं, मला कसंतरीच झालं. बाहेर आले तर ही फुटपाथवर पडलेली, पलीकडे ते आजोबा, आणि मास्तर त्यांच्याजवळ बसलेले. सायकलही फुटपाथवरच. मी ओरडलेच, 'अगं बाई, फुटपाथवरून कशाला आणली सायकल!' मास्तर म्हणाले, 'हो ना.'"

"आधी तुम्ही म्हणालात? की आधी मास्तर?"

"मीच."

"आणि फुटपाथ तेव्हा ओला होता?"

"रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालते, सगळा चिखल होतो. दवाखानेवाले ओरडतात."

मावशीने मान डोलवली. मग अचानक भोंगाकडे वळली. "यांना जरा हाक मार. नेहमीच्या आवाजात."

"काय म्हणू?"

त्या दोन शब्दांनी फुलवाली दचकून मागे सरली. काचेच्या बरणीतलं फूलसुद्धा हलल्यासारखं वाटलं.

"हाच आवाज होता?" मावशीने विचारलं.

फुलवालीचा हात हळूच तोंडावर गेला. "नाही. छे. हा नव्हता."

बाहेर पडताना भोंगाने मावशीचा दंड धरला. "मग रडत कोण होतं?"

मावशी उत्तर देणार एवढ्यात एक पार्सलची व्हॅन येऊन थांबली. तिचा डावा बंपर दबलेला होता आणि तो रंगही हिरवट होता. चालक उतरला, या दोघी आपल्याकडे बघतायत हे त्याला दिसलं, आणि तो परत गाडीत चढायला लागला.

"थांब," मावशी म्हणाली. "पळालास तर मी नंबर पोलिसांना देईन."

तो थांबला, पण चिडून. "बंपर गोदामात लागलाय. विचारा कुणालाही. त्या दिवशी मी इथे थांबलोच नाही! रोजची माझी जागा ती, पण तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. सायकलच्या पट्ट्यात, दिवे लुकलुकवत. मी हॉर्न दिला, हललं नाही, म्हणून पुढच्या चौकात पार्सलं दिली. परत आलो तर गर्दी."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"मीपण रोज पट्ट्यातच थांबतो ना," तो पायाकडे बघत म्हणाला. "सांगायला गेलो असतो तर मलाच धरलं असतं."

"कसली गाडी होती?"

"टॅक्सी असावी. टपावर पाटी होती."

"रंग?"

"गडद. हिरवा की काळा, उन्हात कळलं नाही."

भोंगाने मावशीकडे पाहिलं. मावशीचा चेहरा उतरला होता. गावात हिरव्या टॅक्सी नव्हत्याच. सगळ्या पांढऱ्या होत्या.

५

अधिकारी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी देणार होता. मावशीने त्याला फोन करून मास्तरांनी काय जबानी दिली ते विचारून घेतलं आणि इस्पितळात बोलावलं. तो म्हणाला, तासाभरात येतो. भोंगाला ताप भरल्यासारखं वाटत होतं, पण ती घरी थांबायला तयार नव्हती.

वरच्या मजल्यावर आजोबांच्या खोलीबाहेर त्यांची लेक बसली होती. भोंगाला पाहून ती उभी राहिली.

"मी माफी मागायला..." भोंगाने सुरुवात केली.

"आम्ही चौकशीला आलोय," मावशीने मध्येच तोडलं. "कसे आहेत?"

लेकीचा राग रडण्यात विरून गेला. "पाय वाईट मोडलाय हो. दोन्ही बाजूंनी चेमटल्यासारखा झालाय, डॉक्टरांनाही नवल वाटतं. पडले म्हणावं तर हातांना खरचटलेलंसुद्धा नाही."

नर्स खोलीतून बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. "परत तेच," ती लेकीला म्हणाली. "सारखं 'दार, दार' करतायत. मी लावते, तरी म्हणतात दार. उघडते, तरी दार. काय हवंय कळतच नाही."

मावशीने पेपरमिंटची गोळी काढली होती. ती तशीच हातात राहिली.

दाराच्या काचेतून आत खाट दिसत होती. खाटेच्या कडेला एक जुनी काठी टेकवलेली होती, मुठीला रबर गुंडाळलेली.

"आजोबा काठीशिवाय चालतात?" मावशीने विचारलं.

"छे. दोन पावलं नाही. गुडघे गेलेत ना. आयुष्यभर सायकलवरून पत्रं वाटली, आता काठी."

"काठी इथे कुणी आणली?"

"हेच घेऊन आले, दुसऱ्या दिवशी. गाडीत राहिली होती ना."

लेक हे अगदी सहज म्हणाली. मग तिचा हात पदराच्या टोकाशी थांबला. तिने काचेतून काठीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मास्तरांनी पोलिसांना सांगितलंय," मावशी हलकेच म्हणाली, "की गाडी वळणापलीकडे लावली, आणि आजोबा फुटपाथवरून चालत दवाखान्याकडे येत होते."

जिन्यावर पावलं वाजली. अधिकारी येत होता. त्याच्यासोबत, हातात औषधांची पिशवी घेऊन, मास्तर होते.

६

"तुम्ही परत इथे?" मास्तर म्हणाले. "मी सांगितलं होतं, त्यांना त्रास..."

"गाडी कुठे आहे?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"कसली गाडी?"

"आपली. स्कूलची. टपावर पाटी असलेली, हिरवी. त्या दिवसापासून तुम्ही दुसरीच गाडी आणताय."

"सर्व्हिसिंगला दिलीय. आत्ता हे काय..."

"बाबा कुठल्या बाजूने उतरले?"

मास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पिशवीतली बाटली दुसऱ्या बाटलीवर आपटून किणकिणली.

अधिकारी गोंधळला होता. "मला कुणी सांगेल का?"

"मी सांगते," मावशी म्हणाली. आवाज न चढवता, जुन्या नोकरीतल्यासारखी, एकेक गोष्ट बोटावर मोजत. "आजोबा फुटपाथवर चालत नव्हतेच. काठीशिवाय त्यांना चालता येत नाही आणि काठी गाडीत होती. उतरल्यावर कुणीतरी ती हातात द्यायची असते. म्हणजे ते उतरत होते. गाडी सायकलच्या पट्ट्यात उभी होती. पार्सलवाल्याने टपावरची पाटी पाहिलीय, त्याला टॅक्सी वाटली. ही मागून आली. पट्टा अडलेला, म्हणून पांढऱ्या रेघेबाहेरून वळसा घातला. तो तिचा हक्क आहे साहेब. सायकल हेही वाहन आहे, उभ्या गाड्यांना घासून चालायची तिच्यावर सक्ती नाही. त्याच क्षणी मागचं, रस्त्याकडचं दार उघडलं. दाराची कड हिच्या हँडलच्या डाव्या टोकाला लागली. ब्रेक दुमडला, करंगळी मोडली, रंग रबरात रुतला. ही उजवीकडे फेकली गेली, रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर. खांद्यात तो पांढरा रंग अजून आहे. आणि धडकेने दार पुढे जाऊन तितक्याच जोरात परत आलं. आजोबांचा एक पाय बाहेर होता. त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं आणि तो पाय दार नि चौकटीच्या मध्ये सापडला."

"म्हणून दोन्ही बाजूंनी," लेक पुटपुटली.

"पण ही फुटपाथवर सापडली," अधिकारी म्हणाला.

"फुटपाथवर पडली असती तर फुलवालीच्या चिखलात घसटली असती. माती फक्त पाठीवर आहे, सपाट. तिला तिथे आणून ठेवलं. आणि बेशुद्ध माणूस रडून कबुली देत नाही. तो बारीक आवाज आजोबांचा होता. 'चुकलं माझं' ते म्हणत होते. आणि आता 'दार, दार' म्हणतायत, तेव्हा या खोलीचं दार नाही म्हणत."

मास्तर भिंतीला टेकले. मग घसरत खाली बसले, इस्त्रीच्या शर्टासकट.

"मी पळालो नाही," ते म्हणाले. "देवाशपथ. दोघांनाही उचलून बाजूला ठेवलं. रस्त्यात गाड्या येत होत्या. सायकल उचलली. आपली गाडी पुढे नेऊन वळणावर लावली, रुग्णवाहिकेला जागा हवी म्हणून. खरंच त्यासाठीच. परत येऊन बाबांजवळ बसलो तोच ती फुलवाली ओरडली, सायकल फुटपाथवर कशाला आणली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो ना." त्यांनी डोळे मिटले. "दवाखान्याची वेळ टळत होती. मीच म्हटलं, उतरा लवकर, इकडूनच उतरा. रोज मुलांना शिकवतो, आरसा बघा, मागे बघा, मगच दार. लोकांना कळलं असतं तर मी कुणाला काय शिकवणार होतो?"

"म्हणून या पोरीला गुन्हेगार केलंत?" बायको म्हणाली. "आणि बाबांना बोलू दिलं नाहीत?"

अधिकाऱ्याने गॅरेजचा पत्ता विचारला, मास्तरांनी सांगितला. दार अजून बदललेलं नव्हतं.

जिना उतरण्याआधी अधिकारी भोंगापाशी थांबला. अवघडला होता. "मी तुम्हाला प्रश्नच चुकीचा विचारला, बाई. का घेतलीत, असं विचारलं. घेतली होती का, असं विचारायला हवं होतं."

७

पुढचं सगळं एकदम सरळ झालं नाही. मास्तरांनी जबाब स्वतः लिहून दिला, गुन्हा त्यांच्यावर आणि आजोबांवर, दोघांवरही दाखल झाला. दार उघडलं आजोबांनी, पण गाडी नको तिथे उभी करून तिकडून उतरायला लावणारे मास्तर होते. उपचारांचा भार त्यांच्या गाडीच्या विम्यावर आला आणि विमा कंपनीने पहिल्याच पत्रात नाक मुरडलं, तेव्हा मावशीने त्यांना अशा भाषेत उत्तर लिहिलं की जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, तू आमच्या बाजूची की त्यांच्या? पालकांची कुजबुज थांबायला मात्र वेळ लागला. खोटं पटकन पसरलं होतं, खरं रेंगाळत पोहोचत होतं.

भोंगाला झोप लागत नव्हती. आपली चूक नव्हती हे सगळे सांगत होते, कागदावर लिहिलेलं होतं, तरी ते तिला दुसऱ्याच कुणाबद्दल वाचल्यासारखं वाटायचं. ती स्वतः तिथे नव्हतीच. त्या जागी अजून ते कोरं पांढरं छत होतं.

आजोबांना साध्या वॉर्डात हलवलं, तेव्हा त्यांच्या लेकीने निरोप पाठवला. बाबा तुम्हाला बघायचं म्हणतात.

ती गेली तेव्हा आजोबा उशीला टेकून बसले होते. पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. तिला पाहताच त्यांचा चेहरा आक्रसला, आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"मला वाटलं, तू गेलीस," ते म्हणाले. "मला कुणी सांगतच नव्हतं. मी विचारायचो, पण कुणाला कळेल असं तोंडातून निघायचं नाही. आयुष्यभर सायकलवर काढलं ग मी. आणि दार उघडताना मागे वळून पाहिलं नाही."

भोंगा खाटेच्या कडेवर बसली. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं ती विसरली.

"आजोबा, मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जागे होतात. काय झालं ते तुम्हीच सांगा."

त्यांनी डोळे पुसले.

"दार उघडलं, पाय खाली टेकवला, आणि मान वर केली तर तू समोर. अगदी हाताच्या अंतरावर. मी पाहिलं तुझं तोंड. तू मला पाहिलंस. सरळ आली असतीस तर माझ्या छातीवरच आली असतीस. तू पडली नसतीस कदाचित, माझ्या अंगावर अडली असतीस." ते थांबले, श्वास घेतला. "तू हँडल वळवलंस पोरी. रस्त्याकडे. मोटारी येत होत्या त्या बाजूला. मला वाचवायला. दार चुकवता आलं नाही तुला, पण मला चुकवलंस."

वॉर्डात कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. भोंगाला आपल्या गालांवरून पाणी वाहतंय हे उशिरा कळलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."